कोपऱ्यावरचं पालथं पिंप

धामणकर नाक्यावर ट्रक, टेम्पो आणि शेअर रिक्षा एकमेकांना अडवून उभे होते, कुणी इंचभर हलायला तयार नव्हतं, आणि मी रिक्षात बसून सगळ्या जगाला शिव्या घालत होतो. तेवढ्यात वैजूच्या धाकट्या भावाचा फोन आला. "गजूदादा, ताई गेली रे... सकाळीच." पुढचं हॉर्नच्या कलकलाटात ऐकू आलं नाही. आणि खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल, तर वैजू इथे असती तर ती एव्हाना रिक्षातून उतरून कडेला उभी राहिली असती. पहिला हॉर्न कोण मारतो, त्याचं ऐकून दुसरा कोण मारतो, हे डोळे विस्फारून बघत बसली असती. भर नाक्यावर मला हसू आलं, आणि मग ते आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि पाण्याची बाटली मागे दिली.

वैजयंती माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचं घर भिवंडीतलं जुनं, वडील शिक्षक. आम्ही खाडीकाठच्या गावातले, भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहिल्यावर शहरात राहायला आलेलो. तिनं बी.एड. करून वडिलांच्याच शाळेत लागावं असं घरात ठरलेलं होतं. वैजूनं समाजशास्त्र घेतलं, आणि पुढे पर्यावरणावर काम करणाऱ्या एका संशोधन संस्थेत नोकरी धरली. काम काय, तर लोक कचरा का जाळतात, पाणी का सांडतात, आणि त्यांची सवय बदलते तरी कशी, हे शोधून काढायचं. माझ्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. "ही पोर दिसभर चायच्या टपरीवर बसून मान्सं बगते. हिला दुसरा कामधंदा न्हाय?" असं तिनं एकदा वैजूच्या तोंडावरच विचारलं. वैजू म्हणाली, "काकी, तुम्ही खिडकीतून दिवसभर जे करता तेच मी करते. मला त्याचा पगार मिळतो एवढंच." आईला हे उत्तर इतकं आवडलं की तिनं ते गल्लीभर सांगितलं.

एकदा मी तिच्याबरोबर एसटीनं गणेशपुरीला गेलो होतो. मला वाटलं दर्शन घेऊ, गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवू. बाईसाहेबांनी मला एका झाडाखाली बसवलं आणि लोक रिकाम्या बाटल्या कुठे टाकतात ते बघायला लावलं. दुपारपर्यंत माझं डोकं दुखायला लागलं आणि तिचा चेहरा मात्र फुलत चाललेला. ज्याला विचारावं तो म्हणे, बाटली टाकणं वाईटच, प्लास्टिक कुजत नाही. असं म्हणून तिथेच टाके. "बघितलंस, गज्या? माहिती सगळ्यांना आहे. आणि आम्ही वर्षानुवर्षं माहितीचेच फलक लावतोय." तिला आपल्या धंद्यातली चूक सापडली की एवढा आनंद व्हायचा की समोरच्याला वाटावं हिला बक्षीस लागलंय. परतीच्या एसटीत ती उभ्यानं बोलत होती, बसायला जागा असून.

मग आमच्याच गल्लीचा प्रश्न आला. आमच्या घराच्या कोपऱ्यावर लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना आहे. थंडीत सकाळी शिफ्ट बदलताना कामगार तिथे सुताचा कचरा आणि चिंध्या पेटवून उभे राहायचे. त्यात पॉलिस्टर. तो काळा, चिकट धूर सरळ आमच्या खिडकीत, आणि आईला दमा. डिसेंबर लागला की तिचा श्वास असा अडकायचा की आम्ही वाफेचं मशीन उशाशीच ठेवायचो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून असे एक-दोन हिवाळे गेले तर अवघड आहे. मी भांडून पाहिलं, कारखान्याच्या मालकाला सांगून पाहिलं. आग दोन दिवस बंद, तिसऱ्या दिवशी चालू. शेवटी वैजूला म्हटलं, एवढी शास्त्रज्ञ आहेस ना, तर आईला वाचव.

तिच्या संस्थेनं कचऱ्यासाठी एक लोखंडी पिंप पाठवलं. हिरवा रंग, त्यावर झाडाचं चित्र. कामगारांनी ते मनापासून स्वीकारलं. खाली छिन्नीनं भोकं पाडली, आत चिंध्या भरल्या, आणि दुसऱ्या सकाळी अशी झकास शेगडी पेटली की धूर आता पसरायचा सोडून नळीतून यावा तसा आमच्या खिडकीकडे यायला लागला. मी तणतणत तिला बोलावून घेतलं. तिनं ते जळतं पिंप बघितलं, आणि हसता हसता ओट्यावरच बसली. मग वर खिडकीत आई खोकताना दिसली, तेव्हा तिचं हसू थांबलं... आणि ती आगीभोवतीच्या एकेका माणसाकडे बघायला लागली.

"गज्या," ती हळूच म्हणाली, "हात कोण शेकतंय?"

मी नीट बघितलं. कुणीच नाही. निम्म्यांचे हात खिशात, तोंडं रस्त्याकडे. रात्रीचा कामगार सकाळच्याची वाट बघत होता. कुठल्या लूमवर धागा तुटतोय, कुठला पट्टा सैल झालाय, हे सांगायचं असतं, आणि आत लूमच्या खडखडाटात शेजारच्याचंही ऐकू येत नाही. म्हणून बाहेर थांबायचं. आणि विनाकारण कसं थांबणार, म्हणून आग. वैजूनं माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठला. "त्यांना ऊब नकोच आहे रे. उभं राहायला निमित्त पाहिजे!"

तिनं चहावाल्या अन्वरभाईंना गाठलं आणि गाडी शिफ्टच्या वेळी कोपऱ्यावर लावायची गळ घातली. ते म्हणाले, "मॅडम, आग के बिना कोई रुकेगा नहीं." ती म्हणाली, "आप आइए तो, भाई." पिंप गार झाल्यावर तिनं आणि मी ते पालथं घातलं आणि त्यावर चहाचे ग्लास मांडले. आग बंद करा असं ती कुणालाही बोलली नाही. पहिल्या आठवड्यात चहा आणि आग दोन्ही चाललं. पण आगीसाठी कुणालातरी आधी येऊन चिंध्या गोळा कराव्या लागत, आणि चहा आयता. हळूहळू गोळा करणाऱ्यांना कंटाळा आला. चिंध्या गोणीत जाऊन चिंधीवाल्याकडे जायला लागल्या. "आळस हा माझा सगळ्यात भरवशाचा सहकारी," असं ती पुढे कॉलेजच्या मुलींना सांगायची. ह्यात करिअर असतं का, असं त्या विचारायच्या, आणि ही त्यांना आधी जळत्या पिंपाचा फोटो दाखवायची. आपली फजिती एवढ्या थाटात मिरवणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. त्या हिवाळ्यात आईचं मशीन कपाटात गेलं.

शेवटचं भेटलो तेव्हा आजारानं तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण पहिला प्रश्न तोच. "कोपऱ्यावर काय चाललंय?" मी म्हटलं, आग बंद आहे, तू जिंकलीस. तिनं मान हलवली. "अजून त्यांना मी आठवते. मॅडमला वाईट वाटेल म्हणून पेटवत नसतील. ज्या दिवशी कुणी विचारेल, इथे का नाही पेटवत, आणि कुणालाच कारण सांगता येणार नाही... तेव्हा झालं काम." एवढं बोलून तिला दम लागला, आणि तरी डोळे गणेशपुरीच्या एसटीतल्यासारखे चमकत होते.

ती गेली आणि थंडी पडली. आई म्हणाली, "आता ती न्हाय, परत पेटवतील बग." मीही मनातून घाबरलोच होतो. सकाळी सकाळी कोपऱ्यावर जाऊन उभा राहायला लागलो. परवा एक नवा कामगार आला होता, उत्तरेकडचं आपलं गाव सोडून नुकताच भिवंडीत आलेला. त्यानं हात चोळले, चिंध्या ओढल्या आणि माचिस काढली. पालथ्या पिंपाशी चहा पीत असलेला एकजण सहज म्हणाला, "इधर नहीं जलाते."

"क्यों?"

त्यानं खांदे उडवले. शेजाऱ्याकडे बघितलं, त्यानंही उडवले. अन्वरभाई हल्ली मुलाकडे असतात, गाडीवर त्यांचा भाचा, त्यालाही ठाऊक नाही. मग नव्या माणसानं माझ्याकडे वळून विचारलं, "साब, क्यों नहीं जलाते?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. तिचं नाव, हिरवं पिंप, आईचा खोकला, दंडावरचा वळ. आनंदानं नुसता फुटायचा बाकी होतो. इथे, तुमच्यासमोर, सगळं लिहिलंय. तिथे मात्र मी ग्लास पिंपावर ठेवला आणि म्हणालो, "पता नहीं भाई. बस, नहीं जलाते."

त्यानं माचिस खिशात टाकली आणि चहा मागितला.