हिराबाईंच्या सुनेसाठी सांगितलेली पावडर

आपल्या ई-मेल गटावर मी क्वचितच लिहिते. आज माझ्याच दारात मला मान खाली घालावी लागली, म्हणून लिहिते आहे.

सापगावच्या हिराबाई आमच्याकडे दुधाचा रतीब घालतात. त्यांची सून बाळंतीण आहे, फार अशक्त आहे. महिन्यापूर्वी मी ठणकावून सांगितलं, "तिला प्रोटीन पावडर सुरू करा." नावही मीच लिहून दिलं. माझी भाची ती घेते, एवढाच माझा अभ्यास.

आज त्या दुसरा डबा घेऊनच आल्या. "बाई, सून इचारते, ही पावडर कशाची करतात? डब्यावरच्या बाप्याचे दंड बघून बोलते, मला काय कुस्ती खेळायची हाय?"

मी हसत चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं पहिल्यांदाच वाचली. सर्वांत आधी साखर. मग दुधाची पावडर, सोयाबीन, चॉकलेटचा स्वाद.

"दुधाची?" हिराबाई थबकल्या. "आवो, डब्यासाठीच तर तिच्या वाट्याचं अर्धा लिटर तुमाला जास्त घालते. म्हंजे दूध इकून मी दूधच आणलं?"

ते जास्तीचं दूध मी महिनाभर खुशीत विरजत होते. ते कुणाच्या वाट्याचं, हे विचारलं नाही. आणि मी म्हणे बी.एस्सी.!

तुमच्यापैकी कुणी असा सल्ला दिला असेल, तर तो डबा स्वतः वाचला होता का?

हिराबाईंच्या हाती दिलं: आजचं अर्धा लिटर दूध परत, दोन किलो शेंगदाणे, नव्या डब्याचे पैसे आणि माझी माफी. माफी सोडून बाकी सगळं त्यांनी घेतलं.