मामंजींचं पहिलं मरण

आमच्या मामंजींचं पहिलं मरण उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भर दुपारी झालं. दुसरं, म्हणजे खरं, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालं. पण त्याला पहिल्याइतकी गर्दी नव्हती. पहिल्याला अख्खी मंडळी रडत घरी आली होती, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होते. (मी आणि एक बोकड. पण बोकडाला कोण नावं ठेवतं!)

ही पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. सोलापुरात आमचं ख्रिस्ती कंपाउंड लहानसं. मधे देऊळ (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो), भोवती पंधरावीस घरं, आणि देवळाच्या मागे कडुनिंबाखाली दोन खांबांवर टांगलेली घंटा. आमच्याकडे लेंटचे दिवस, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ, कडक पाळत. मटण बंद, लग्नं बंद, रेडिओवरची गाणी बंद. बंद नव्हतं ते फक्त दाविदमामांचं तोंड.

दाविदमामांचं नवी पेठेत शिलाईचं दुकान होतं आणि देवळात वडील, म्हणजे पंचांपैकी एक, म्हणून मान होता. दर उत्तम शुक्रवारी प्रभूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जणांनी बोलायचं अशी रीत. ते काम मामांनी हळूहळू एकट्याच्या अंगावर घेतलं होतं. पहिल्या उद्गाराला माणसं रडत, तिसऱ्याला डुलक्या घेत, आणि सातव्याला "माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो" हे वाक्य सगळी मंडळी मनापासून म्हणे.

त्या वर्षी नवे पाळक, म्हणजे पाद्री, आले होते. पोरसवदा, लाजाळू, हळू बोलणारे. त्यांनी सभेत भीतभीत सुचवलं, की यंदा उत्तम शुक्रवारी भाषणं नकोत. बारा ते तीन देवळात नुसतं मौन पाळू. शांतता आणि आत्मपरीक्षण.

"नुस्तं बसायचं?" दाविदमामांनी विचारलं.

"बसायचं, आणि आपल्या आत डोकावायचं."

"आत काय हाय बगायला? आमी काय बोलतो ते ऐका की! ह्या मंडळीला गप बसनं जमायचं न्हाय, सायेब. लिहून देतो."

पाळकसाहेबांचा चेहरा एवढासा झाला. मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "का नाही जमणार? चांगलं जमेल! मी जबाबदारी घेते!"

सभेत हशा पिकला. हे, म्हणजे आमचे यजमान, उगीचच चष्मा पुसायला लागले. महिला मंडळाच्या मार्थाबाई म्हणाल्या, "सुमनबाई, तुमी गप बसनार? तुमचा आवाज तर आमाला गिरणीच्या भोंग्यावरनं बी ऐकू येतोय की!"

"ठरलं तर," दाविदमामा म्हणाले. "यंदा करून बगा. पर गडबड झाली, तर फुडच्या सालापासनं सातीच्या साती उद्गार माजे. आन् कुनी घड्याळाकडं बगायचं न्हाय!"

सभेतले सगळे एकदम माझ्याकडे वळून बघायला लागले. त्या नजरांत विनंती होती, धमकी होती, आणि मार्थाबाईंच्या नजरेत तर पाणीच होतं. पाळकसाहेब मात्र माझ्याकडे बघून विश्वासानं हसले. मला तो विश्वास अजून टोचतो.

मी कामाला लागले. घरोघर जाऊन मौनाचं महत्त्व सांगितलं. (मौनावर इतकं बोललेली बाई सोलापुरात दुसरी नसेल.) नियम ठरले. एकदा देवळात बसलं की तीनच्या भोंग्यापर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. काही झालं तरी नाही!

आमचे मामंजी, म्हणजे सासरे, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेले कंपाउंडर. गुडघ्यांमुळे त्यांना देवळात बसवत नसे. ते म्हणाले, "सूनबाई, मी घरीच मौन धरतो. पण हा तुझा बोकड माझ्या आत्म्याला डोकावू देईल का?"

बोकडाचा खुलासा केला पाहिजे. ईस्टरच्या आदल्या दिवशी बोकड धड मिळत नाही, म्हणून ह्यांनी लेंट सुरू होतानाच वैरागच्या बाजारातून एक आणून ठेवला होता. म्हणजे आम्ही उपवासकाळात मटणाचा त्याग करत होतो, आणि तो त्याग परसात चारा खाऊन दिवसेंदिवस गुबगुबीत होत होता. शिवाय त्याला एक खोड होती. घर शांत झालं, की तो ओरडायला सुरुवात करी.

शुक्रवारी दुपारी ऊन मी म्हणत होतं. मामंजींची बाज ओसरीवर टाकली. उन्हाच्या झळा लागू नयेत म्हणून त्यांनी ओला पंचा तोंडावर घेतला, बायबल छातीवर ठेवलं, वर दोन्ही हात ठेवले. मी त्यांच्या कानांत कापसाचे बोळे घातले, म्हणजे बाहेरचा आवाज नको. मग बोकड सोडला आणि त्याला देवळामागे कडुनिंबाच्या सावलीत नेलं. खाली पालाही होता. तो खात बसेल आणि गप्प राहील, अशी माझी अक्कल!

बांधायला घंटेच्या खांबाशिवाय काही नव्हतं. खांब जाडजूड. दावं त्याच्याभोवती पुरेना. दु:खसप्ताहात, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यात, आमच्याकडे घंटा वाजवत नाहीत, म्हणून शिपाई सायमननं घंटेचा दोर खाली ओढून त्याच खांबाला गुंडाळून ठेवला होता. देवळात लोक जमले होते, मला उशीर होत होता. मी दाव्याचं टोक त्या गुंडाळलेल्या दोरातच अडकवलं, घट्ट गाठ मारली आणि पळाले.

देवळात काय शांतता होती! माना खाली, डोळे मिटलेले. दाविदमामांचे ओठ शिवल्यासारखे. पाळकसाहेब गुडघ्यांवर. मी एक डोळा किलकिला करून सगळीकडे बघून घेतलं आणि मनात म्हटलं, प्रभू, क्षमा कर, पण मला फार अभिमान वाटतोय.

आणि घंटा वाजली.

टण्ण!

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टण्ण!

आता आमच्याकडे उपासनेची घंटा भराभर वाजते. एक ठोका, मोठा खंड, पुन्हा एक ठोका, असं वाजलं तर त्याचा एकच अर्थ. कंपाउंडमधलं कुणीतरी गेलं. सगळ्यांनी डोळे उघडले. बोलायचं तर नाही! मग प्रत्येकजण बाकांवरून नजर फिरवून कोण आलंय, कोण नाही, हे बघायला लागला. सगळे होते. फक्त आमचे मामंजी नव्हते.

देवळातल्या झाडून सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मगाशी बोळे घालताना ते म्हणाले होते, "हळू गं, मेंदूत घालतेस का?" आणि मी म्हटलं होतं, "गप्प पडा आता!" तेच माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं झालं, असं मनात आलं आणि मला हुंदका फुटला. मार्थाबाईंनी मला पोटाशी धरलं. पुरुषांच्या बाजूला हे उभे राहिले, पांढरेफटक. पाळकसाहेब उठले. सगळी मंडळी उठली. आणि एकही शब्द न बोलता, रडत, डोळे पुसत, आम्ही पुढच्या दारानं बाहेर पडलो.

"घंटा कोण वाजवतंय?" एवढा एक प्रश्न कुणी विचारला असता, तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण विचारणार कसं? मौन! पायरीवर सायमन झोपला होता. पावलांनी दचकून उठला, सगळे रडतायत बघून तोही रडायला लागला आणि मागोमाग चालू लागला. घंटा वाजवणारा आमच्यात आहे आणि घंटा वाजतेच आहे, हे एवढ्या शहाण्या माणसांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही.

ओसरीवर मामंजी पडलेले. तोंडावर पांढरा पंचा. कानांत कापूस. छातीवर बायबल, वर हात. आता यावर कुणी काय समजायचं? मार्थाबाईंनी पायांवर अंग टाकलं. ह्यांनी उंबऱ्यात बसकण मारली. आणि तेवढ्यात दाविदमामांच्या मौनाचा बांध फुटला.

"बंदू आनि भगिनींनो!" मामांनी हात वर केला. "आज ह्या कंपाउंडचा खांब पडला! असा मानूस व्हनार न्हाय! गरिबाला औषध देताना ह्यांनी कदी बाटलीत पानी जास्ती घातलं न्हाय! रागावले, पर मनात न्हाय ठेवलं! लई मोटा मानूस..."

त्याच वेळी मामंजींनी पंचा बाजूला केला.

मार्थाबाईंनी अशी किंकाळी फोडली, की दाविदमामा दोन पायऱ्या उतरून अंगणात गेले. मामंजी उठून बसले. सगळ्यांकडे रोखून बघितलं. पण बोलेनात! व्रत म्हणजे व्रत. मी रडत विचारलं, "मामंजी, तुम्ही आहात ना?" त्यांनी चिडून आकाशाकडे बोट केलं. म्हणजे, सूर्य बघ, अजून तीन वाजलेले नाहीत.

"वर बोलावलंय म्हनतायत!" मार्थाबाई ओरडल्या.

"माघारी पाटवलंय!" दुसरं कुणीतरी.

"अवो जित्ते हाईत! जित्ते हाईत ते!"

मग जो गलका उठला! हसणं, रडणं, "पाणी आणा", "वारा घाला", "आधी सरका की". कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या गल्लीतली माणसं डोकावायला लागली. मौन नावाची चीज औषधालाही उरली नाही. आणि त्या गोंधळात, देवळाच्या मागून, पुन्हा आवाज आला. टण्ण!

सगळे गप्प. त्या दिवसातलं खरंखुरं मौन ते तेवढंच. कारण मंडळी तर झाडून आमच्या अंगणात होती, मग घंटेपाशी कोण? पहिल्या उत्तम शुक्रवारी प्रभूनं प्राण सोडला तेव्हा थडगी उघडली होती, हे तर सगळ्यांनाच पाठ. पाळकसाहेब पुढे झाले, आम्ही त्यांच्या मागे, एकमेकांचे पदर धरून.

बोकड मागच्या दोन पायांवर उभा होता. खालचा पाला संपवून तो वरच्या फांदीला तोंड घालत होता. त्यानं मान ओढली, की दावं ताणलं जाई, दाव्याबरोबर सुटलेला दोर ताणला जाई आणि घंटेचा ठोका पडे. मग तो शांतपणे पाला चावे. चावून झालं, की पुन्हा मान ओढी. सायमनला इतक्या वर्षांत मयताची घंटा इतकी बिनचूक वाजवता आली नव्हती.

"कुनाचा वो हा?" कुणीतरी विचारलं. विचारायची गरज नव्हती. त्याच्या गळ्यात माझ्या जुन्या लुगड्याचा काठ होता.

"ईस्टरचा काय, सुमनबाई?" दाविदमामा गोड आवाजात म्हणाले. "बरा पोसलाय उपासात!"

मला मान वर करवेना. लोक काय म्हणतील याचं एवढं नव्हतं. पाळकसाहेब माझ्याकडे बघत होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त खाली वाकले, बोकडाचं दावं सोडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ताई, उन्हात उभ्या राहू नका." आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही. मी बोकड ओढत घरी निघाले, आणि तो हरामखोर वाटभर ओरडत होता.

ओसरीवर मामंजी तसेच ताठ बसलेले. मंडळी अंगणात घोटाळत होती. कुणाला जावंसं वाटेना, कुणाला थांबायचं कारण सापडेना. तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. तीन! मामंजींनी कानांतला कापूस काढला, घसा साफ केला. सगळे कान टवकारून उभे. मी तर मनात प्रार्थनाच करत होते, की चारचौघांत मला फार बोलू नका.

"दाविद," मामंजी म्हणाले, "थांबलास का? पुढं बोल की! बोळ्यांतून ऐकायला येत होतं. चांगलं चाललं होतं तुझं!"

अंगण हसून लोळलं. मीही हसले, आणि हसता हसता त्यांच्या पायाशी बसून रडले. ते म्हणाले, "अगं, गेलो नाही म्हणून रडतेस का?"

ईस्टरला बोकड पानात पडला. ज्यांनी मला नावं ठेवली, त्यांनी रस्सा दोनदा मागून घेतला. पण मला घास गिळवत नव्हता, कारण संध्याकाळी सभा होती. दाविदमामा वचन विसरणारे नव्हते. "गडबड झाली का न्हाय? बोला! फुडच्या सालापासनं सातीच्या साती माजे!"

मी खाली मान घालून बसले होते. तेव्हा लाजाळू पाळकसाहेब उठले आणि हळूच म्हणाले, "मामा, घंटा वाजली, मंडळी रडली, रस्त्यानं चालत गेली, तरी कुणी एक शब्द बोललं नाही. मौन कुणी मोडलं असेल, तर ते 'बंधू आणि भगिनींनो' म्हणून मोडलं गेलं."

मतं घेतली, आणि मौन जिंकलं! मी आनंदानं टाळ्या वाजवणार, एवढ्यात मार्थाबाईंनी हात वर केला. त्यांची एक अट होती, आणि ती माझ्या यजमानांच्या मतासकट एकमतानं मंजूर झाली.

तेव्हापासून आमच्या मंडळीत उत्तम शुक्रवारचं मौन दर वर्षी पाळलं जातं. पान हललं तरी ऐकू येईल अशी शांतता असते म्हणे. बाहेरगावचे लोक मुद्दाम बघायला येतात. ज्या मौनासाठी मी भर सभेत उभी राहून भांडले, ते मौन मी मात्र अजून एकदाही ऐकलेलं नाही. अटीप्रमाणे मी त्या दिवशी वैरागला नणंदेकडे असते!