मुकी गोळी

आमचे कंपाउंडरभाऊ औषधाची पुडी देण्याआधी ती कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, “घे. कडू हाय, म्हंजे गुन येते.” तुम्ही कितीही आजारी असा, हसू यायचंच. कारण खोकल्याचं गोड औषध देतानाही ते हेच म्हणत.

साठ सालच्या आसपास मी आर्णीकडच्या एका लहान दवाखान्यात नर्स होते. क्षयावरच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती. सुई सगळ्याच रोग्यांना मिळे. गोळी मात्र निम्म्यांना खरी, निम्म्यांना नुसती दुधाच्या साखरेची. दिसायला दोन्ही सारख्या. कुणाच्या बाटलीत कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. कडू ती खरी आणि गोड ती ‘मुकी’, असं भाऊंनी घरीही सांगून ठेवलेलं.

त्या रोग्यांत त्यांची बायको होती.

एकदा न राहवून मी म्हटलं, “भाऊ, तिची गोळी चाखून तर पाहा.”

“चाखली अन् मुकी निंगाली, तं बदलवल्याबिगर राहीन काय मी? मंग कोनाच्या तोंडची खरी गोळी हिसकू, बाई?”

चाखत नसत, पण विचारल्याशिवाय राहवतही नसे. गोळी दिली की तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत. “कशी लागली वं?”

ती सगळं तोंड वाकडं करायची. “कडूजहर हाय! पानी द्या आंधी.”

भाऊंचा चेहरा असा खुलायचा, की मीसुद्धा मनातल्या मनात देवाला हात जोडत असे. पळस फुलला तेव्हा तर ते तिच्याबद्दल ज्याला त्याला सांगत होते, “औंदा कापूस येचाले ते वावरात राहीन, पाय तू.”

वेचणी लागायच्या आधीच ती गेली.

भाऊ रडले नाहीत. तेरवी झाल्यावर कामावर आले, तिची उरलेली बाटली घेऊन पायरीवर बसले आणि त्यातली एक गोळी जिभेवर ठेवली. मी दारातच उभी होते.

“गोड हाय, बाई,” ते म्हणाले. “तिले पयल्या दिसापासून मालूम होतं.”

जीव तिचा जात होता, आणि ती नवऱ्याला धीर देत होती.

“थुंकून टाका ती, भाऊ,” मी कसंबसं म्हटलं.

त्यांनी मान हलवली, आणि गोळी पुरती विरघळेपर्यंत तोंड मिटून तिथेच बसून राहिले.