दोन भाऊ आणि बंद पडलेला कॉम्प्युटर

रेखाचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "ताई, ह्यांना दुकानात काहीतरी झालं..." एवढंच ती बोलू शकली. रेखा माझी जाऊ. तिचे यजमान, म्हणजे माझे धाकटे दीर विजयभाऊजी, उल्हासनगरच्या बाजारात कॉम्प्युटरच्या पार्टच्या दुकानात कामाला होते. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता खाली बसले, ते उठलेच नाहीत. अजून पन्नाशीही गाठली नव्हती. आम्ही अंबरनाथहून रिक्षा करून दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांचे म्हातारे सिंधी सेठ बाहेरच्या बाकावर बसून रडत होते. माझ्या यजमानांना बघून म्हणाले, "मेरा बेटा गया, साईं." हे त्यांच्या शेजारी नुसते बसून राहिले.

आता महिना उलटून गेलाय. भाऊजींचं काही आठवायला बसलं की माझ्यासमोर तो बंद पडलेला कॉम्प्युटर येतो, कारण त्याच्याआधी कितीतरी वर्षं ते आमच्या घरी आलेच नव्हते. रेखाचं हे दुसरं लग्न, पदरात लहान मुलगी सोनाली. "समाजात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस," असं हे तेव्हा भावाला म्हणाले आणि लग्नाला गेले नाहीत. सासरे मात्र गेले. लग्न लावून आले, बुद्धवंदना म्हटली आणि पुढं बदलापूरला विजयभाऊजींकडंच राहायला गेले. तिथंच वारले. त्या दिवशीही हे परस्पर स्मशानात गेले, दोघं भाऊ दोन टोकांना उभे होते. बाप गेल्यावर निदान भाऊ बोलतील, असं मला वाटलं होतं... नाही बोलले.

कारखान्यातून लवकर निवृत्ती घेतल्यावर ह्यांनी एक काम मनावर घेतलं. वडिलांचं आयुष्य लिहायचं. साताऱ्याकडचं गाव, छप्पन सालची दीक्षा, अंबरनाथच्या कारखान्यातली नोकरी, सगळं. लेकीच्या, मयूरीच्या, कॉम्प्युटरवर हे एका बोटानं टाइप करत बसायचे. 'क्ष' कुठल्या बटणावर आहे, यावरून रोज बापलेकीची जुंपायची. मग मयूरीच्या कॉलेजातल्या कामासाठी कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम हवी झाली. मैत्रिणीकडून सीडी आणून तिनं ती चढवली, आणि दुसऱ्या दिवसापासून मशीन सुरू होईना. बटण दाबलं की पंखा फिरायचा, पडद्यावर काहीतरी उमटायचं, की परत काळोख. परत पहिल्यापासून तेच. स्टेशनजवळचा मेकॅनिक येऊन म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल. आतलं सगळं जाईल." मयूरी रडायला लागली. हे तिला रागावलेसुद्धा नाहीत. "जाऊ दे," म्हणाले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

मी ह्यांना न विचारता बदलापूरला फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर भाऊजींनी एकच विचारलं, "दादानं सांगितलं फोन करायला?"

"नाही."

पलीकडून म्हणाले, "त्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका, वहिनी. रविवारी येतो."

रविवारी सकाळी खरंच आले, आपला कॉम्प्युटर रिक्षात घालून. केस बरेच पिकले होते. दारात "जयभीम, दादा" म्हणाले. ह्यांनी मान हलवली आणि पेपर तोंडासमोर धरला. भाऊजींनी फरशीवर बैठक मारली, आमची हार्डडिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. मला समजावून सांगत होते, पण आवाज मुद्दाम मोठा होता, पेपरामागं जावा असा. "डिस्क चांगली आहे, वहिनी. माल आत आहे. नुसती सिस्टीम बिघडलीय. आधी माल बाहेर काढू, मग बघू काय करायचं ते."

ह्यांची फाइल सापडली. उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, कशाचा कशाला मेळ नाही. हे पेपर टाकून कधी मागं येऊन उभे राहिले, मला कळलंच नाही. "गेलं ना?" असं त्यांनी विचारलं. भाऊजी वर न बघता म्हणाले, "मराठीचा फॉन्ट नाहीये दादा, बाकी काही नाही. थांब." त्यांनी पिशवीतून एक सीडी काढून घातली, काहीतरी केलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या खिचडीची मराठी झाली. पहिल्याच ओळीत सासऱ्यांचं नाव होतं. दोघंही भाऊ ते नाव बघत राहिले...

मशीन दुरुस्त व्हायला दुपार झाली. आतलं जुनं डिस्प्ले कार्ड नव्या सिस्टीमला चालत नव्हतं, ते काढल्यावर सुरू झालं. पण भाऊजी उठले नाहीत. ते वाचत होते. मधेच म्हणाले, "दादा, इथं चुकलंय. बाबांनी आईला गावाहून आणलं नाही. आई आपली आपण आली."

"कोण म्हणतं?"

"बाबाच. वर्ष झालं तरी न्यायला येत नाहीत म्हणून चिडली, आणि तुला काखेत मारून निघाली. कारखान्याच्या गेटवर येऊन उभी राहिली. बाबांना आधी ओळखूच आली नाही."

"मला कधी बोलले नाहीत."

"शेवटी शेवटी फार बोलायचे. तुझंच बोलायचे."

हे खुर्चीत बसले. मग म्हणाले, "जेवून जा."

त्यानंतर भाऊजी बहुतेक रविवारी येत. बाबांच्या आठवणींवरून दोघं तावातावानं भांडत, आणि ते भांडण ऐकत भाकऱ्या थापताना मला फार बरं वाटे. पण यायचे ते एकटेच. रेखा-सोनालीचा विषय ह्यांनी काढला नाही, भाऊजींनीही नाही. "एकदा बदलापूरला जाऊन येऊ या," असं मी दोन-तीनदा म्हणाले. "जाऊ," म्हणायचे. जायचं राहिलं. भावाच्या घराचा जिना हे पहिल्यांदा चढले ते त्याला शेवटचं आणलं तेव्हा.

मागच्या रविवारी सकाळी हे आपणहून म्हणाले, "चल, बदलापूरला." भाऊजी घरी दुरुस्त्या करत ती खोली रेखानं आवरलेली नाही. टेबलावर लोकांची मशीनं तशीच उघडी, स्क्रू बशीत काढून ठेवलेले. हे तिथल्या स्टुलावर जाऊन बसले. एवढ्यात वांगणीचे एक गृहस्थ आपला कॉम्प्युटर न्यायला आले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ह्यांनीच सांगितलं. ते दाराला धरून उभे राहिले. मग विचारलं, "तुम्ही विजयभाऊंचे कोण?"

"मोठा भाऊ."

"म्हणजे पुस्तक लिहिताय ते दादा?" गृहस्थांचे डोळे भरून आले. "आमच्याशी तुमचंच बोलत असायचे हो."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. उठून त्यांना स्टूल दिलं. आणि आतल्या दाराकडे वळून, भावाचं लग्न होऊन इतकी वर्षं गेल्यावर पहिल्यांदाच, त्यांनी हाक मारली, "सोनाली, बाळा... पाणी आण गं. तुझ्या पप्पांकडे पाहुणे आलेत."