एक गाणं, एक प्रत

माझे काका चौतीस वर्षं चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात तपासनीस होते. दिव्यासमोर भिंग धरायचं, जरा फिरवायचं, ओरखडा किंवा बुडबुडा दिसला की डावीकडच्या खोक्यात टाकायचं. ते बाद. दिवसाला हजारभर भिंगं. या कामाने माणूस बिघडतो असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडे आले की ते पाणी प्यायच्या आधी पेला उजेडाकडे धरून बघायचे आणि माझी आई तोंड फिरवायची.

अशा माणसाच्या हाती निवृत्तीनंतर कॉम्प्युटर द्यायला नको होता. मी दिला. आमच्या ऑफिसातून जुने कॉम्प्युटर काढून टाकत होते, त्यातला एक आणून मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली मांडला. काकांकडे तीनशे दहा कॅसेटी होत्या. पलंगाखाली, कपाटावर, शिलाई मशीनच्या खणात. त्यातली गाणी कॉम्प्युटरवर घ्यायची आणि कॅसेटी एकदाच्या घराबाहेर काढायच्या असं ठरलं. त्यांच्यावरची धूळ झटकून काकूला वैताग आला होता.

साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठच मिनिटं लागतात, तिथे घाई चालत नाही. टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडली की खोलीत आवाज येत नाही, पडद्यावर नुसती हिरवी रेघ खालीवर होते. काका ती रेघ बघत बसायचे. अधूनमधून हेडफोन लावून दहा सेकंद ऐकायचे आणि वहीत काहीतरी टिपायचे. मग खरखर काढायची, गाण्याचं नाव, गायक, साल भरायचं, आणि कॅसेट भंगारात. सगळे सोपस्कार धरून आठवड्याला दोन कॅसेटी, फार तर तीन. आत काकू भाजी चिरता चिरता गात असायची. तिचं गाणं असंच, कामाच्या नादातलं. कुणी दारात उभं राहिलं की बंद. फोन समोर धरला तर तोंडाला कुलूपच.

कॅसेटी उतरवून संपल्या आणि चौथ्या वर्षी काकूचा घसा बसला तो बसलाच. दोन महिने गोळ्या, मग तपासण्या, मग ऑपरेशन. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला म्हणून आम्ही डॉक्टरांचे हात धरून रडलो. त्या धावपळीत तिचं एखादं गाणं रेकॉर्ड करून ठेवावं हे कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. तेव्हापासून ती एक छोटी वही आणि पेन्सिल जवळ ठेवते.

काका आणखीच कॉम्प्युटरला चिकटले. मला संताप यायचा. बायकोचा आवाज गेला आणि हा माणूस गाण्यांची सालं शोधत बसलाय! आता कळतं, त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं.

"तिला ऐकायला सगळं नीट होईल गं," ते म्हणायचे.

कारखान्यातल्या एका मित्राने त्याच गाण्यांच्या स्वच्छ सीडी दिल्या, काकांनी त्याही चढवल्या. मग एकेक गाणं दोनदोनदा दिसायला लागलं आणि ते त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलं. तेव्हा मीच त्यांना एक प्रोग्राम घालून दिला. तो नाव बघत नाही, गाणं ओळखून जोड्या लावतो आणि जोडीतली चांगली प्रत कुठली तेही सांगतो.

"एक गाणं, एक प्रत," काका खूश होऊन म्हणाले.

चारशे बारा जोड्या निघाल्या. प्रत्येकीची सुरुवातीची दहा सेकंदं ऐकून त्यांनी खराब प्रत उडवली. डिस्क भरत आली होती, म्हणून उडवलेलंही कायमचं पुसून टाकलं.

एका रविवारी दुपारी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. काम संपलं होतं. अंगात इस्त्रीचा शर्ट, काकूसाठी कॉम्प्युटरसमोर उशी ठेवलेली खुर्ची.

"सांग, काय लावू?" ते म्हणाले. "तू म्हणशील ते."

काकूने लगेच लिहिलं, जणू बरेच दिवस तयारच होतं. "रेडिओवरून घेतलेली. ज्यांत मी मध्येमध्ये गाते ती."

काकांनी दोनदा वाचलं. "तू कधी गायलीस?"

मग तिने सावकाश लिहून सांगितलं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं रेडिओ जोडायची वायर घरात नव्हती. टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवायचा आणि बटण दाबायचं, एवढंच. गाण्यांचा कार्यक्रम सकाळी दहाला लागायचा आणि काका तेव्हा कारखान्यात. बटण दाबायचं काम काकूचं. ती दाबायची आणि आपल्या कामाला लागायची, रेडिओबरोबर गात. नळ, भांडी, ती, सगळं कॅसेटमध्ये जायचं.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे," तिने लिहिलं. "म्हणून काम संपायची वाट बघत होते. माझा आवाज कसा होता, मला आठवेनासं झालंय."

काका उठले आणि त्यांनी टिपणांची वही काढली. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. बाजू अ, तिसरं गाणं, बाहेरचा आवाज. पाचवं, बाहेरचा आवाज, बाईचा. बाजू ब, पहिलं, तोच आवाज, शेवटपर्यंत. पानंच्या पानं तेच. काकू बघायच्या आत मी ती वही मिटली.

"काका, तुम्ही ओळखला नाहीत?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"अगं, कॅसेटी उतरवत होतो तेव्हा ती आत गातच होती की," ते म्हणाले.

मला ओरडायचं होतं. पण प्रोग्राम मी घातला होता.

पुसलेलं परत मिळवायचा खटाटोप मी आठवडाभर केला. गाण्यांची नावं परत आली, आत नुसता खडखडाट. कॅसेटी तर केव्हाच भंगारात गेलेल्या. रेडिओवरून घेतलेल्यांपैकी उरली ती ज्यांची सीडी मिळाली नव्हती अशी त्रेसष्ट गाणी. तीन रविवार काका आणि मी एकेक हेडफोन कानाला लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत होतो. काका आता एक सेकंद सोडत नव्हते. नळ दोनदा सापडला. एकदा भांडं पडलं, तर काकांनी माझं मनगट धरलं.

एकोणसाठाव्या गाण्यात, दोन कडव्यांच्या मध्ये, सतारीच्या मागे काहीतरी होतं. चार ओळी. पण खरखर काढताना काकांनी या गाण्यावर तीनदा हात फिरवला होता आणि खरखरीबरोबर आवाजही खरवडला गेला होता. पाण्याच्या पिंपात तोंड घालून कुणीतरी गावं तसं ते ऐकू येत होतं. बाईचं की पुरुषाचं, हेही मला सांगता आलं नसतं.

"तीच," काका म्हणाले. त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मला लिहायचं नाही.

त्यांनी काकूला खुर्चीत बसवलं, हेडफोन स्वतःच्या हाताने तिच्या कानांवर ठेवला आणि त्या चार ओळी लावल्या. तिने डोळे मिटून ऐकल्या. पुन्हा लावा, अशी खूण केली. पुन्हा ऐकल्या.

"ओळखलंस?" काकांनी विचारलं.

काकूने मान डोलावली आणि त्यांच्या हातावर थोपटलं. काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

मी चहा टाकायला आत गेले. काकू मागोमाग आली, दार लोटून घेतलं आणि ओट्यावर वही ठेवून लिहिलं, "कोण गात होतं ते? मी विचारलं असं त्यांना सांगू नकोस."