भालेरावांचे हिरवे ठिपके

भालेराव आधी गाडी बघत नसत. आधी फडकं बघत.

"फडकं दाखवा," हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी खराडीहून भर उन्हात खडकीला त्यांच्या पत्र्याच्या शेडपाशी आले होते. दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या माझ्या काळ्या गाडीवर, ऊन पडलं की, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक गोल वर्तुळं दिसायला लागली होती. ती दाखवायची होती, आणि हा माणूस गाडीकडे पाठ करून माझ्याकडे फडकं मागत होता. मी डिकीतून पिवळं फडकं काढून दिलं. त्यांनी ते गालावरून फिरवलं, स्टुलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर दोनदा झटकलं. कागदावर बारीक रेती पडली. ती बोटाने गोळा करत ते म्हणाले, "अर्धी खराडी घेऊन फिरताय की."

तेव्हा खराडीत एका बाजूला काचेच्या इमारती उठत होत्या आणि दुसऱ्या बाजूला ज्वारी उभी होती. मधे सगळी धूळ. त्यांनी विचारलं, "गाडी पुसतं कोण?"

"सोसायटीत एक माणूस येतो रोज."

"कोरड्या फडक्याने? गोल गोल?"

"हो."

"परात घासावी तशी घासलीय. परात असती तर चांगली निघाली असती." मग कुठे ते गाडीकडे वळले. भिंतीला तिरप्या बसवलेल्या चार ट्यूबलाइट त्यांनी लावल्या, वाकून बॉनेट बघितलं आणि म्हणाले, "भोवरे पडलेत. असू द्या. दोन बादल्या घ्या. एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची, फडकं विसळायला. महिनाभर गाडी अशी धुवा. वरून खाली, सरळ हाताने. मग या."

म्हणजे काम नाहीच. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगची प्रमुख होते. चौदा माणसांच्या चुका काढायचा मला पगार मिळत होता, आणि मला इथे गृहपाठ देऊन घरी पाठवत होते. भालेरावांच्या पत्नी, ज्यांना पुढे मी काकू म्हणायला लागले, चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "मनावर घेऊ नका. माझ्या माहेरच्यांनासुद्धा असंच परत पाठवलं होतं."

भालेरावांची तेहेतीस वर्षं खडकीच्या एका लष्करी कारखान्यात रंगखात्यात गेली होती. आता लष्कराच्या गाडीला चमक चालत नाही. गाडी उन्हात लकाकली की शत्रूला लांबून दिसते. त्यामुळे नोकरीभर भालेरावांचं काम एकच, रंगात कुठे चमक राहिली असेल तर ती शोधून मारायची. ते निवृत्त झाले त्या सुमाराला बँका घरी येऊन गाडीसाठी कर्ज द्यायला लागल्या होत्या आणि सगळं पुणं चमक मागायला लागलं होतं. चमक कुठे लपते हे भालेरावांएवढं कुणाला ठाऊक असणार? "तेहेतीस वर्षं चमक मारली, आता भरपाई करतोय," असं ते म्हणत. पण तिच्यावर त्यांचा विश्वास कधी बसला नाही. गिऱ्हाईक "एकदम चकाचक करा हं काका" म्हणालं की ते मान वर न करता म्हणत, "चकाचक म्हणजे शत्रूला पत्ता."

त्यांचं शास्त्र मला त्या दिवशी चहाबरोबर फुकट मिळालं. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, त्याला ते साय म्हणत. ओरखडे असतात ते बहुतेक त्या सायीत. "लोकांना वाटतं, ओरखडा काढतात. ओरखडा काय काटा आहे काढायला? ओरखडा म्हणजे खड्डा. त्याच्या आजूबाजूची साय घासून त्याच्या पातळीला आणायची, म्हणजे तो दिसत नाही. दर वेळी साय थोडी कमी होते. काढून काढून काढणार किती?"

म्हणून एखाद्या गाडीला पॉलिश केलं की ते पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हिरव्या रंगाचा एक ठिपका देत. कारखान्यातला तोच मळकट, बिनचमकीचा हिरवा. तीन ठिपके झाले की ती गाडी त्यांच्या दारात पुन्हा आणायची नाही, मग मालक कितीही मोठा असो. पण दुसरीकडे कुणी पॉलिश केलं असेल तर ते ठिपक्यात कसं दिसणार? त्यासाठी ते प्रत्येकाला विचारत, "आधी कुठे दाखवलं होतं का?" साय किती उरलीय ते मोजायचं मीटर मिळतं, असं मी शहाणपणाने सांगितलं. ते म्हणाले, "माझ्याकडे आहे मीटर. मालकाचं तोंड. मालक सांगेल ते खरं धरायचं आणि पॉलिशचं यंत्र लावायचं."

हे सगळं ऐकून मी घरी आले आणि पुढच्याच रविवारी गाडी एका मॉलच्या तळघरात पॉलिशला दिली.

का, तर राग. तिथे फडकं कुणी मागितलं नाही. बसायला सोफा होता, कॉफीचं यंत्र होतं, आणि दीड तासात "थ्री स्टेज" असं काहीतरी करून गाडी आरशासारखी बाहेर आली. नवऱ्याने, मिलिंदने, तिच्यात बघून भांगसुद्धा पाडला. तीनदा धुतल्यावर आरसा गेला. भोवरे वरून काहीतरी फासून नुसते झाकले होते, ते जसेच्या तसे परत आले, शिवाय यंत्राचे नवे पडले ते वेगळेच. मग मी निमूटपणे दोन बादल्या आणल्या. महिनाभर गाडी वरून खाली, सरळ हाताने धुतली आणि स्वच्छ फडकं घेऊन खडकीला गेले.

भालेरावांनी फडकं झटकलं. काही पडलं नाही. ते खूश झाले, म्हणजे काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "मधे कुठे दाखवलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "पहिल्यांदाच."

त्यांनी परत विचारलं. मी परत नाही म्हणाले. सही करायला सांगितली असती तर तीही केली असती. पुण्याचा माणूस नुकसान सोसतो, पण "मी सांगितलं होतं ना" हे वाक्य सोसत नाही.

त्यांचं काम बघणं ही एक मजा होती. आधी कडांना चिकटपट्टी, मग पोस्टकार्डाएवढ्या जागेवर चाचणी, मग हलक्या हाताने यंत्र. दर मिनिटाला यंत्र थांबवून तळहात पत्र्यावर ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. दारं झाली, टप झाला, भोवरे एकामागून एक विरत गेले. शेवटी बॉनेट. अर्ध्यावर आले असताना त्यांनी एकदम यंत्र बंद केलं आणि उलटं धरून त्याची फोमची गादी बघितली. पांढऱ्या गादीवर गाडीचा काळा रंग लागला होता.

मग त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. बॉनेटच्या मधोमध विड्याच्या पानाएवढा भाग निस्तेज पडला होता.

"ताई," ते म्हणाले, "साय गेली."

"असू द्या हो काका, एवढंसं तर आहे."

"माझ्या हातून कधी गेली नव्हती. कळायला हवं होतं. हाताला कळायला हवं होतं." मग ते खाली बसले. "बॉनेट मी रंगवून देतो. माझ्या खर्चाने. तेवढं करतो आणि थांबतो."

तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण काकू दारात होत्या, शेजारचे दोघं बघत होते, आणि मी "नको नको, रंगवू नका" एवढंच म्हणून गाडीत बसले. घरी मिलिंदने बॉनेट बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "त्यांना मॉलचं सांगितलंस?" मी म्हणाले, "भाजी काय करायची?"

आठवडा कसाबसा काढला. ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका लिहिताना हात आखडायला लागला. रविवारी खडकीला गेले तर शेडचं दार बंद. भालेराव ओट्यावर बसले होते आणि एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "बंद केलं. हात गेला." काकूंनी मला आत नेलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "यंत्र फडक्यात बांधून माळ्यावर टाकलंय. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणतो डोळे चांगलेत, तर ह्यांना वाटतं डॉक्टरचेच बिघडलेत. आणि चहाचा कप आठ दिवस दोन्ही हातांनी धरतात. सांडेल म्हणून. इतकी वर्षं ज्या हाताने..."

मला स्वतःची लाज वाटली. एवढी की आज लिहितानाही वाटते आहे.

मी बाहेर आले, पर्समधून मॉलची गुळगुळीत पावती काढली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावला. पावती वाचली, उलटी करून मागची बाजू वाचली, तारीख वाचली. मग काकूंना हाक मारली. "हे वाच. मला बरोबर दिसतंय का सांग."

काकूंनी वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी चपला कुठे काढल्यात ते शोधायला लागले.

"म्हणजे साय आधीच गेली होती," भालेराव सावकाश म्हणाले. "माझा हात बरोबर होता." त्यांनी तो उजवा हात समोर धरला, बोटं मिटली, उघडली. त्यांचे डोळे भरून आले होते. ते पुसून झाल्यावर त्यांना माझी आठवण झाली. "का पण, ताई? दोनदा विचारलं मी."

"तुमची बोलणी खायचा कंटाळा आला होता."

ते उठून आत गेले आणि हिरव्या रंगाची डबी नि काडी घेऊन आले. माझ्या गाडीचं पेट्रोलचं झाकण उघडायला लावलं. एक ठिपका दिला. "हा त्या मॉलवाल्याचा." शेजारी दुसरा. "हा माझा." मग तिसरा.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"हा तुमचा. झाले तीन. आता ही गाडी इथे आणायची नाही. आणि बॉनेटही रंगवणार नाही. तसंच फिरवा."

त्याच दिवशी यंत्र माळ्यावरून खाली आलं. मी पुढे कितीतरी वर्षं तिथे जात राहिले, रिक्षाने. कधी ऑफिसातल्या कुणाची गाडी दाखवायला, कधी नुसती काकूंच्या हातचा चहा प्यायला. नवीन गिऱ्हाईक आलं की भालेराव माझी ओळख करून देत. "ह्या ताई. कॉम्प्युटरमधल्या चुका शोधतात. आमच्याशी खोटं बोलल्या होत्या." मग गिऱ्हाइकाकडे वळून, "हां, तुम्ही सांगा. आधी कुठे दाखवलं होतं का?" आणि गिऱ्हाईक माझ्याकडे बघत घडाघडा सगळं सांगून टाकत असे. माझा असा उपयोग कंपनीलाही कधी झाला नाही.

मग एका सकाळी काकूंचा फोन आला. भालेरावांना छातीत दुखून दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी त्रास झाला होता का? भालेराव म्हणाले, नाही, पहिल्यांदाच. मी पोचले तेव्हा काकू बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर कार्डिओग्रामची एक पट्टी होती, सहा महिन्यांपूर्वीची. पॉलिशच्या रिकाम्या डब्यात, फडक्याखाली सापडली होती.

मी आत गेले. ते डोळे मिटून पडले होते. नळ्या लावलेला उजवा हात पांघरुणावर होता.

"काका," मी म्हणाले, "आधी कुठे दाखवलं होतं का?"

त्यांनी डोळे उघडले. आधी दाराकडे बघितलं, काकू नाहीत याची खात्री केली. "पिंपरीला. एकदा."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"तेव्हा ही शेजारीच उभी होती." जरा दम घेऊन ते म्हणाले, "बोलणी खायचा कंटाळा येतो हो, ताई."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि ते दोन्ही बघून ते म्हणाले, "ठिपका द्या मला एक." दुसऱ्या आठवड्यात ते गेले. शेडमध्ये त्यांचा फोटो आता बुद्धाच्या तसबिरीशेजारी आहे. काच काकू रोज पुसतात. सरळ हाताने, वरून खाली.

मध्यंतरी मी ती काळी गाडी विकायला काढली. एक गृहस्थ बघायला आले. बॉनेटवरचं विड्याचं पान त्यांनी बोटाने चाचपलं आणि विचारलं, "आधी पॉलिश वगैरे काही केलंय का?" मी पेट्रोलचं झाकण उघडलं आणि फडक्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं, नमस्कार केला आणि गाडी न घेता गेले.

गाडी अजून माझ्याकडेच आहे.