बाबा कंपनी पाहायला गेले

केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे निम्मं वाट बघणं, हे प्रवेश घेताना मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी दुसरी कुठलीही शाखा घेतली असती. विद्यापीठातल्या आमच्या प्रयोगशाळेत डिस्टिलेशन कॉलम होता, पार छताला टेकलेला. खाली मिश्रण उकळायचं, वाफ वर चढायची, आणि वरपासून खालपर्यंत सगळी तापमानं स्थिर होईस्तोवर स्टुलावर बसून राहायचं. मध्येच व्हॉल्व्ह फिरवला की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. माझे हात शिवशिवायचे. जरासाच फिरवून बघू, असं म्हणत मी फिरवायचेच, आकडे हलायचे, आणि मेहकरकडची माझी पार्टनर कपाळाला हात लावायची. "काऊन वं, तुले एका जागी बसवत नाही काय?" नाही बसवत. आजही नाही बसवत.

मोताळ्याजवळच्या आमच्या गावात मात्र मी काय शिकते याबद्दल कुणाला शंका नव्हती. केमिकल म्हणजे फवारणीचं औषध. सुट्टीत घरी आले की शेजारचे काका कपाशीचं पान घेऊन दारात हजर. "पाह्य बरं, कोणतं मारू यावर?" मी सांगायचे, काका, आम्हाला हे शिकवत नाहीत. "मंग काय शिकवतात?" एकदा वैतागून म्हटलं, गरम पाण्यातली उष्णता थंड पाण्यात कशी न्यायची ते शिकवतात. काका आईकडं वळून म्हणाले, "याच्यासाठी चार वर्षं?"

शेवटच्या वर्षी कॅम्पसमध्ये गुजरातची एक कंपनी आली. भरूचच्या पुढं, समुद्राकडं त्यांचा कारखाना. मुलाखतीत विचारलं, रात्रपाळी चालेल का? त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले. घरी विचारायला हवं होतं हे बाहेर आल्यावर लक्षात आलं. निवड झाली. होकार आठवड्याभरात कळवायचा होता.

मी तडक घरी आले. बाबा वांग्याच्या वावरातून येऊन पाय धूत होते. मी एका दमात सगळं सांगितलं: नोकरी, गुजरात, पाळ्या, कंपनीचं मुलींचं होस्टेल. त्यांनी ऐकलं आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी भाजी मोताळ्याच्या बाजाराला गेली, बाबा सोबत गेले, आले, तरी काही बोलेनात. मैत्रिणी फोनवर म्हणत होत्या, भांड आणि जा. मला भांडून जायचं नव्हतं. भांडून गेलेल्या मुलीला पहिला ताप आला की लोक लगेच परत बोलावतात. मला त्यांच्या तोंडून 'जा' ऐकायचं होतं, आणि ते लवकर ऐकायचं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच मामा आले, धुतलेला पांढरा शर्ट घालून. बाबांनीही ठेवणीतली टोपी घातली, खांद्यावर नवा रुमाल टाकला. आईनं विचारलं, "कुठं निघाले?"

"घर पाहाले," बाबा म्हणाले.

मुलगी द्यायची तर आमच्याकडं आधी दोन-चार माणसं जाऊन घर पाहून येतात. पाहुणचार घेतात, घरदार बघतात आणि परत निघताना गावच्या स्टँडवर चहा पीत त्या घराची चौकशी करतात. ताईच्या वेळी हेच दोघं गेले होते. पण हे दोघं आता निघाले होते भरूचला!

"बाबा, कंपनी हाय ते! सोयरीक करून राह्यले काय तुम्ही?"

"पोरगी द्याची म्हटल्यावर सोयरीकच न बाई," मामा म्हणाले. आईनं पोळ्या आणि ठेचा बांधून दिला आणि दोघं मलकापूरला गाडी पकडायला गेले.

ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. प्रोजेक्टचं काम सोबत आणलं होतं, हीट एक्स्चेंजर डिझाइन करायचा होता. त्यात आधी एक आकडा अंदाजानं धरायचा, पानभर गणित करायचं आणि शेवटी उत्तर त्या आकड्याशी जुळलं नाही तर नवा आकडा धरायचा. एरवी मला ते आवडायचं. आता एकही आकडा धरवेना. मामांचा फोन बंद. बाबा गेटवर कुणाशी हुज्जत घालतायत आणि साहेब माझं नाव यादीतून काढतोय, हे मला बसल्या जागी दिसायचं. उठून अंगण झाडायचे, परत बसायचे, परत उठायचे. आई म्हणाली, "तुह्या पायात भिंगरी हाय." ताई असती तर तिनं मला दामटून बसवलं असतं. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार. बारावी झाली आणि लग्न झालं. आता दिवाळीला येते आणि नुसती झोपते.

दोघं परत आले ते दुपारच्या उन्हात. मामा ओसरीवर टेकले नाहीत तोच सुरू झाले. गेटच्या आत कुणी घेतलं नाही. मामांनी वॉचमनला सांगितलं, पोरगी द्यायची आहे, म्हणून पाहायला आलो. तो बिचारा एकदम आदरानं बोलायला लागला: "लडका कौनसे डिपार्टमेंट में है?" मामा म्हणाले, लडका नहीं, लडकीच आनेवाली है. तेव्हापासून त्यानं दोघांकडं बघणंच सोडलं. मग समोरच्या टपरीवर दिवसभर चहा. आई हसून हसून वाकली. मी दातओठ खात उभी होते.

"तुम्ही काय पाह्यलं?" आईनं बाबांना विचारलं.

"बाया पाह्यल्या."

बाबांनी खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं.

"पाळी सुटली तवा चार-पाच पोरी बाहेर आल्या," बाबा म्हणाले. "गडीमानसाची टोपी असते तशी पिवळी टोपी हातात. हसून राह्यल्या होत्या. एक तर हिच्याएवढीच असंन. मिशीवाल्या एका मानसाले काहीतरी सुनवत होती, आन् तो मुकाट्यानं ऐकत होता." मग आईला म्हणाले, "जाऊ दे तिले."

मी उडीच मारणार होते, पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"मोठीच्या येळी आपण विहीर पाह्यली. बैलं पाह्यले, स्लॅबचं घर पाह्यलं. त्यायची थोरली सून पाणी घेऊन आल्ती समोर. म्या पाणी पेलं. तिच्या तोंडाकडं पाह्यलंच नाही."

आईचं हसू गेलं. मामा चप्पल शोधायला लागले. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू, आणि त्याच वेळी बाबांचा भयंकर राग आला. ते शिकले होते, पण ताईवर शिकले होते.

मी मोबाईलवरून होकार पाठवला आणि लगेच ताईला फोन लावला. तिच्या सासूबाईंनी उचलला. ताई कामात होती. काय काम हाय, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मला नोकरी लागली, तेवढं तिला सांगायचं होतं.

"सांगतो मी तिले," त्या म्हणाल्या.

ताईला ते आईकडून कळलं, मी भरूचला निघून गेल्यावर.